सिअ‍ॅटलची ताई

मुलांनो, पावाचं पीठ फुगवणारं यीस्ट तुम्हाला माहीत आहे ना? त्यालासुद्धा म्हातारपण येतं, बरं का! हे मला कळलं मे महिन्याच्या सुट्टीत, तेही थेट अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात.

माझी धाकटी मावसबहीण तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात संशोधन करते. (राजधानीचं वॉशिंग्टन वेगळं, ते देशाच्या दुसऱ्या टोकाला!) मावशीला एकटीनं जायची धास्ती वाटत होती, म्हणून सोबतीला मी गेलो.

सिअ‍ॅटलच्या एका अंगाला समुद्राची खाडी, दुसऱ्या अंगाला लांबलचक सरोवर. खाडीतून मोठाल्या बोटी मोटारी पोटात घेऊन ये-जा करतात. पाऊस आपल्यासारखा धो धो नाही, नुसती भुरभुर. छत्री उघडायचा आळस करून माणसं तशीच चालत असतात. तिसऱ्या दिवशी ढग सरले आणि समोर बर्फानं झाकलेला रेनियर पर्वत उभा! उंची ४३९२ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे किती पट, ते तुम्हीच काढा.

ताई आम्हाला प्रयोगशाळेत घेऊन गेली. तिची सुरुवात यीस्टपासून झाली. यीस्टच्या पेशीला अंकुर फुटतो, तो वाढून लेक वेगळी होते. साधारण २५ लेकी झाल्या की आई थकते, अंकुर थांबतात. ताई सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईनं एकेक लेक बाजूला करून मोजायची. रात्री झोप आली की बशी फ्रीजमध्ये! थंडीत पेशींचं काम मंदावतं. सकाळी मोजणी पुढं चालू.

“मग ते सोडलंस का?” मी विचारलं.

“सोडलं नाही, दादा. वाट बदलली.”

तिनं समजावलं ते असं. आपल्या शरीरातली बरीचशी कामं प्रथिनं करतात. प्रथिन म्हणजे २० प्रकारच्या मण्यांची माळ. ही माळ घडी घालून ठरावीक आकार घेते, तेव्हाच काम करते. वय वाढलं की काही घड्या बिघडतात, गुठळ्या होतात. मग त्या गुठळीला जाऊन चिकटेल असं नवं प्रथिन आपणच बनवलं तर?

याच विद्यापीठात डेव्हिड बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ९३ मण्यांचं एक प्रथिन संगणकावर रचलं आणि खरोखर बनवलं. तशी घडी निसर्गात कुणी पाहिलेली नव्हती! २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा बेकर यांना मिळाला.

ताईच्या पडद्यावर ठिपक्यांचा एक नकाशा होता. माळेचे सांधे कोणत्या कोनांत वळू शकतात, ते त्यावरून तपासतात. त्याचं नाव ऐकून मी उडालोच. रामचंद्रन आलेख! १९६३ साली मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मांडला होता.

९६ खळग्यांची एक प्लास्टिकची ताटली दाखवून ताई म्हणाली, “पहिल्या खेपेला ९६ नमुने केले. एकही चिकटला नाही. दुसऱ्या खेपेला दोन चिकटले, तेही जेमतेम.” तिची नेमणूक पुढच्या वर्षी संपते. मग नवी जागा शोधायची.

मावशी इतका वेळ गप्प होती. आमची आजी शेवटी शेवटी माणसं विसरली होती. लाडक्या नातीलाच तिनं विचारलं होतं, “तू कुणाची गं?” ताई तेव्हा नववीत होती.

“मग औषध केव्हा निघेल?” मावशीनं विचारलं.

“सांगता येत नाही, आई. कदाचित माझ्या हातून निघणारही नाही.”

मावशीनं ती ताटली दोन्ही हातांनी, देवाचं तबक धरावं तशी धरली. “तिसऱ्या खेपेला किती करणार आहेस?”

“पुन्हा ९६!” ताई हसून म्हणाली.

दोस्तांनो, घरी तुमची आजी असेल तर आज तिच्याजवळ जरा जास्त वेळ बसा. आणि गणितात दोनदा उत्तर चुकलं, तर सिअ‍ॅटलच्या या ताईची आठवण काढा!