उतारावरचा हिसका

सरकारी नोकरीत आम्ही आयुष्यभर शेरे मारले. ‘समाधानकारक’, ‘सुधारणेस वाव आहे’, ‘पुढील पाहणीच्या वेळी तपासावे’. दिवसा हे शेरे कन्नडात लिहायचे आणि संध्याकाळी घरी येऊन मराठीत गप्पा मारायच्या, असा ३२ वर्षांचा परिपाठ. निवृत्तीबरोबर हे काम संपले असे वाटले होते. पण एका बालमित्राने ते पुन्हा आमच्या गळ्यात घातले. या खेपेस तपासायची होती ती जेमतेम वीतभर लांबीची आगगाडी.

हा मित्र आमच्यासारखाच निपाणीचा. आमच्या लहानपणी गावात तंबाखूच्या वखारी होत्या, पण आगगाडी नव्हती. ती पाहायची तर बेळगाव नाहीतर कोल्हापूर गाठावे लागे. न मिळालेल्या त्या गाडीचे वेड याच्या डोक्यातून कधी गेलेच नाही. पुढे त्याने उद्यमबागेत गिअर कापण्याचा लहानसा कारखाना काढला, यथावकाश मुलाच्या हाती दिला, आणि एकदा पुण्यास गेला असता कोथरूडचे भाऊ जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहून आला. १ एप्रिल १९९८ रोजी खुले झालेले ते संग्रहालय वाचकांपैकी काहींनी नातवंडांना दाखवलेही असेल. हा तिथून परतला तो मीटरगेजचे वाफेचे इंजिन करायचेच, असे ठरवून. मिरज-लोंढा मार्ग रुंद होण्यापूर्वी टिळकवाडीच्या फाटकापाशी सायकल धरून आपण ज्याची वाट पाहत असू, तसले.

प्रमाण १ : ८७. त्या हिशेबाने मीटरगेजचे रूळ १२ मिलिमीटरवर येतात. एवढ्याशा इंजिनाच्या पोटात मोटार मावेना, म्हणून ती मागे टेंडरमध्ये बसवली; तिथून इंजिनाकडे बारीक शाफ्ट, शाफ्टवर वर्म आणि त्याखाली चाकांच्या आसावर वर्म व्हील. रुळांतली १२ व्होल्टची वीज चाकांनी उचलायची. हे सारे त्याने स्वतः कापले, तेही पासष्टी ओलांडल्यावर, एका डोळ्यात मोतीबिंदू असताना. येणारा-जाणारा गाडी पाहून ‘वा! वा!’ म्हणत असे. वहिनींनी तर आम्हांस दारातच गाठले. “भावोजी, चांगलंच म्हणा हं. दोन महिने झाले, धड जेवण नाही यांचं.”

आम्ही तसे म्हणणारही होतो. पण तो म्हणाला, “साहेब, वही काढ तुझी. सगळे छान म्हणतात, त्यातनं मला काही कळत नाही. तू खोट सांग बघू.”

बेळगावच्या मातीला ही गोष्ट नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली इथे सायकलींचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगर घडवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घेईनात. समजूत चुकीची होती खरी. पण गिऱ्हाईक निदान तोंडावर बोलत होते.

आम्हांस यंत्रातले काही कळत नाही. घड्याळ मात्र कळते. अगदी सावकाश म्हणून सोडलेली गाडी एक मीटर अंतर १२ सेकंदांत गेली. ८७ ने गुणले तर हा वेग ताशी २६ किलोमीटर होतो. स्टेशनातून सुटणारी गाडी अशी दचकून निघत नाही, असे आम्ही लिहिले. त्याने ते ऐकले, गिअरची आणखी एक जोडी घातली आणि तोच मीटर ३० सेकंदांवर आला. इथपर्यंत सारे गोड होते.

मग त्याने फळीचा घाट केला. कॅसलरॉकखाली गोव्याकडे उतरणाऱ्या ब्रगांझा घाटात असतो तसाच, ३७ ला १ चढाचा. चार डबे घेऊन इंजिन वर गेले ते लोण्यासारखे. उतरताना मात्र हिसके देऊ लागले. डबे काढले की हिसके कमी होत, जोडले की परत येत. आम्ही वेळ, जागा आणि डब्यांची संख्या टिपून ठेवली. तो म्हणाला, रूळ वाकडे असतील. आम्ही म्हटले, मग चढताना तेच रूळ सरळ कसे? यावर तो भडकला. “लेका, जन्मभर कागद रंगवलेस तू. गिअरमधलं काय कळतंय तुला?”

शेरा खोडणे सोपे होते. वहिनी आतून पाहत होत्या. परंतु ३० वर्षांपूर्वी एका नळयोजनेच्या पाहणीत आम्ही ‘समाधानकारक’ असे लिहिले होते. शेवटच्या वाडीत पाणी पोचत नव्हते, हे आम्ही स्वतः पाहिले होते. पण काम पाहणारा इंजिनिअर आमच्या रोजच्या बैठकीतला. पुढे कित्येक वर्षे त्या रस्त्याने जाताना डोक्यावर घागरी घेतलेल्या बायका दिसत आणि आम्ही गाडीची काच वर करीत असू. मित्राला हे आम्ही सांगितले नाही. वही मिटली आणि घरी आलो.

तीन आठवडे त्याचा फोन नाही. आम्हीही केला नाही. पण संध्याकाळचे फिरणे बेचव झाले. मग एके दिवशी पहाटेच फोन. “ये.”

दोष त्याने शोधला होता. चढावर डबे मागे ओढतात, त्यामुळे वर्म एकाच बाजूला दाबून राहतो. उतारावर डबे इंजिनाला मागून ढकलतात. मग शाफ्ट बेअरिंगमध्ये केसभर पुढे सरकतो, पुन्हा मागे येतो, आणि दर वेळी हिसका बसतो. शाफ्टला प्ले होता एवढीच गोष्ट. पितळेचे तीन पातळ वॉशर घातले तर मोटार तापली. एक काढला तेव्हा जमले.

त्याने पाच डबे जोडून गाडी उतारावर सोडली. ती संथ खाली आली. तो गाडीकडे पाहतच नव्हता, आमच्या तोंडाकडे पाहत होता. हिसका नव्हता. मात्र चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा, अगदी बारीक, ‘टिक्’ असा आवाज येत होता. बहुधा त्याच्या कानाला तो लागत नसावा. वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या.

आम्ही वही काढली.

“लिहितोस?” त्याने विचारले.

“लिहितोय.”

“किती डबे होते तेही लिही,” तो म्हणाला, आणि चष्मा पुसत इंजिन उलटे करू लागला.