नाकाची न काढलेली रेघ

डच चित्रकार वर्मीरच्या मोतीवाल्या मुलीचं छापील चित्र मी पहिल्यांदा पाहिलं ते शाळेत असताना. तेव्हा मला तिचा निळा फेटा आवडला होता. कॉलेजात गेल्यावर मोती आवडला. तैलरंगात तिची नक्कल करायला बसले तेव्हा चाळिशी उलटली होती, आणि तेव्हा कुठे तिचं नाक दिसलं.

त्या नाकाला रेघच नाही. नाकाचा दांडा आणि पलीकडचा उजेडातला गाल एकाच रंगात विरघळून गेलेत. कड आहे असं वाटतं, कारण ती आपले डोळे भरून काढतात. लहानपणापासून आपण चेहरा काढतो तो रेघांनी: आधी भुवया, मग नाक, मग ओठ. ब्रश हातात घेऊन त्या गालापुढे बसल्यावर ती सवय सोडावीच लागते. डोळे किलकिले करायचे आणि उजेड कुठे संपतो तेवढंच बघायचं.

मोत्याचंही तसंच. वर डावीकडे पांढऱ्याचा एक जाड ठिपका, खाली पांढऱ्या कॉलरचं मऊ प्रतिबिंब. कानात अडकवायची कडीसुद्धा रंगवलेली नाही.

तैलरंग घाई करू देत नाहीत. खालचा थर टर्पेंटाइनमधला, पातळ. त्यावरचे जवसाच्या तेलातले. उलट केलं तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे तडकतो. वर्मीरनेही आधी तपकिरी-काळ्या रंगात छायाप्रकाश बसवला होता. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयाने २०१८ साली हे चित्र बारकाईने तपासलं, तेव्हा नुसत्या डोळ्यांना न दिसणारे पापण्यांचे केस सापडले. मागचा काळोख मुळात हिरवा पडदा होता, त्याचा रंग काळाने खाल्ला. हे वाचल्यावर मी माझ्या नकलेत काळ्यावर हिरव्याचा पातळ हात दिला. छापील चित्राशी ते जुळत नाही, पण चेहरा पुढे येतो.

हे चित्र १८८१ साली हेगमधल्या लिलावात दोन गिल्डर आणि वर थोड्या सेंटांना विकलं गेलं, इतकी त्याची दशा झाली होती. फेट्याचा निळा मात्र लाजवर्दी दगडाचा, आजच्या अफगाणिस्तानातून आलेला. त्या काळी तो रंग फार महाग पडे.

नक्कल करणं हलकं काम आहे, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. गाणं शिकणारा गुरूची बंदिश आधी जशीच्या तशी गळ्यात उतरवतो, त्याला कुणी चोर म्हणत नाही. पॅरिसच्या लुव्रमध्ये तर १७९३ पासून चित्रकार मूळ चित्रापुढे इझल लावून बसतात. नकलेचा आकार मात्र मूळ चित्राएवढा ठेवता येत नाही.

पुढे आईचं व्यक्तिचित्र केलं. ती खिडकीशी बसली होती, गालावर सकाळचं ऊन. नाकाची त्या बाजूची रेघ मी काढली नाही. चित्र पाहून मावशी म्हणाली, "अगं, ताई अशीच बघते."

व्यक्तिचित्र शिकू पाहणाऱ्यांनी आधी जुन्या उस्तादाचा एकच चेहरा निवडावा आणि तो सावकाश, थर वाळू देत, उतरवावा. आणि कॅनव्हासच्या मागे मूळ चित्रकाराचं नाव ठळक अक्षरात लिहावं.