हाताचे डोळे

आमच्या मोटारीचा स्वभाव मोठा विचित्र. थंड असली की निमूटपणे चालते. तापली की भर रस्त्यात उभी राहते. आणि निवली की काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होते. या स्वभावाची माणसे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. किंबहुना त्यांतले एक आम्ही स्वतःच आहो. म्हणून प्रारंभी आम्हाला तिचा राग आला नाही. तो आला गेल्या महिन्यात, आंबा घाटात. पत्नीला रत्नागिरीस तिच्या आजारी आईच्या भेटीला न्यायचे होते. गाडी एका वळणावर थांबली ती पाऊण तास हलली नाही. आम्ही पोचलो तेव्हा रुग्णालयातील भेटीची वेळ टळून गेली होती. पत्नी एक शब्दही बोलली नाही. संसाराच्या तीस वर्षांत आम्हाला एवढे कळले आहे की, ती रागावली म्हणजे बोलते. तिचे न बोलणे हे रागाच्या पलीकडचे असते.

वस्तुतः निदान तिनेच आधी करून ठेवले होते. "अहो, तापल्यावरच बंद पडते ना? मग तापल्यावर काय बिघडते, तेवढेच बघायला सांगा." इतके साधे बोलणे शास्त्रीय असेल, असे आम्हाला वाटले नाही. आम्ही बॅटरी बदलली, पेट्रोलची गाळणी बदलली. अखेर दोष वाचणारे यंत्र मोटारीला जोडले तेव्हा पी ०३३५ ही खूण उमटली. दोष क्रँकशाफ्टच्या सेन्सरकडे होता.

हा सेन्सर म्हणजे अंगठ्याएवढी वस्तू : एक चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तारेचे वेटोळे. त्याच्या समोरून दात्यांचे एक चाक फिरते. साठ दात्यांची जागा, पण दाते अठ्ठावन्न; दोन मुद्दाम गाळलेले. जपमाळेत मेरुमणी बोटाला लागला की एक फेरा पुरा झाल्याचे कळते, तद्वत् ती रिकामी जागा आली की दट्ट्या कोठे आहे हे मोटारीच्या संगणकाला कळते. ते कळले नाही तर पेट्रोल केव्हा सोडावे आणि ठिणगी केव्हा पाडावी, हेच त्याला उमगत नाही. तार आतून तुटलेली असली तर थंडीत तिची टोके एकमेकांना टेकून असतात. तापली की विलग होतात.

वस्तूची किंमत बेताची. पण ती एंजिन आणि मागचा पत्रा यांच्या सांदीत बसविलेली असल्यामुळे मजुरी तिच्या कितीतरी पट. आमचा कोल्हापुरी अभिमान जागा झाला. याच नगरीत आनंदराव पेंटर १९१६ साली निवर्तले तेव्हा त्यांचा चित्रपटाचा कॅमेरा अपुरा होता; बाबूराव पेंटरांनी तो १९१८ साली पुरा केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणली. ज्या गावाने कॅमेरा घडविला, त्या गावच्या प्राध्यापकाला एक बोल्ट निघू नये?

रविवारी सकाळी, एंजिन थंड असता, आम्ही बॅटरीची ऋण तार सोडविली, हवेच्या गाळणीची पेटी काढली आणि विजेरी लावून आत डोकावलो. बोल्ट दिसेना. पुस्तकातील आकृतीत तो स्पष्ट होता. मोटारीत मात्र तेथे अंधार होता. हात घातला तर तो मनगटाशी अडला. तासाभरात आम्ही सालपटे काढून घेतली आणि दहा नंबरचा पाना दोनदा खाली पाडला.

पत्नी चहा घेऊन आली. तिने आमचा हात पाहिला, बांगड्या वर सारल्या आणि काही न विचारता स्वतःचा हात आत घातला. लोणच्याच्या बरणीच्या तळाची शेवटची फोड काढणारा तो हात. तो सांदीतून सहज गेला. तिने आत पाहिलेसुद्धा नाही. मान वळवून ती समोरच्या जास्वंदीकडे बघत होती. "हा बघा, सापडला. पाना द्या." बोल्ट सैल झाला. तिने सेन्सर उपटला नाही; बरणीचे झाकण हलवावे तसा किंचित इकडे-तिकडे फिरवून अलगद बाहेर काढला. नव्याच्या रबरी कड्याला तेलाचे बोट लावून तोही तिनेच बसविला. आम्ही तारेची खिट्टी मात्र लावली.

जुन्याची आम्ही मीटरवर परीक्षा घेतली. थंड असता सुमारे ९०० ओहम. केस वाळविण्याच्या यंत्राने तापविताच मार्ग खुंटला. पत्नीचे निदान अक्षरशः खरे ठरले. आम्ही तिला तसे सांगितले. आयुष्यभर विद्यार्थ्यांना गुण देत आलो, पण हे एक वाक्य उच्चारायला आम्हाला फार वेळ लागला.

सायंकाळी पन्हाळ्याचा चढ दोनदा चढून गाडी चांगली तापविली. ती थांबली नाही. उतरताना पत्नी म्हणाली, "येत्या शनिवारी रत्नागिरीला जाऊ या. पण पहाटेच निघायचे. गाडी दुरुस्त झाली असली तरी."

आम्ही मुकाट्याने होकार दिला.