टाके कुणी दिले?

सकाळच्या लोकलने मळवलीला पंचवीस-तीस माणसे उतरवायची, भाजे गावातून लेणीवर न्यायची, तिथून गायमुख खिंडीतून लोहगडावर चढवायची आणि संध्याकाळी डोकी मोजून परत गाडीत बसवायची. पुण्यातल्या एका ट्रेक काढणाऱ्या मंडळीसाठी आम्ही तीन पावसाळे हे काम केले. दिवसाला आठशे रुपये आणि पोहे. चळवळीच्या मानधनात घर चालत नाही, हे इथल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मित्रहो, एक कबुली आधी देतो. पहिले दोन पावसाळे आम्ही स्वतः लेणीसमोर उभे राहून सांगत होतो की, ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली. तसे सांगायचे ठरलेलेच होते. लोकांना आवडायचे, फोटो काढून मंडळी पुढे निघायची. एम.ए.ला समाजशास्त्रात ‘सांस्कृतिक वर्चस्व’ हा शब्द परीक्षेपुरता पाठ केला होता. त्या वर्चस्वाची आठशे रुपये रोजंदारी आपल्यालाही मिळू शकते, हे भाज्याला कळले.

खिंडीत दम खायला बसलो की कुणीतरी विचारायचेच, “सर, आडनाव काय तुमचं?” प्रश्न कशासाठी असतो हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. आम्ही आडनाव सांगायचो. बहुतेकांना फरक पडायचा नाही. काहीजण मात्र त्यानंतर आमच्या बाटलीतले पाणी नको म्हणायचे, अगदी हसतमुखाने. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसोबत वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदावर त्यांनी हातपाय धुतले, तर हौद बाटवला म्हणून गर्दी अंगावर आली. शेवटी किल्ला पाहू दिला तो बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन. यांनी कुठे पाण्याला हात लावू नये, म्हणून शिपाई! चवदार तळ्याला तेव्हा सात वर्षे झाली होती. आपला माणूस डोंगरावर हौसेने जरी गेला, तरी पाण्याचा प्रश्न त्याच्या आधी तिथे पोहोचलेला असतो.

तिसऱ्या पावसाळ्यात एका बॅचमध्ये दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. आमची पांडवकथा ऐकून ती म्हणाली, “दादा, पांडव एका रात्रीत निघून गेले, मग पाण्याची टाकी कुणासाठी खोदली?”

आमच्याकडे उत्तर होते. दोन वर्षे खिशात ठेवले होते एवढेच. मग सांगितले. इथे भिक्खू राहत होते, पावसाळाभर एका जागी मुक्काम करत होते. चैत्यगृहाच्या छताला दिसतात त्या लाकडी कमानी सुमारे २२०० वर्षांपूर्वीच्या आहेत. आत मूर्ती नाही, स्तूप आहे. आणि एका टाक्यावर धम्मलिपीत कोरले आहे की, कोसिकीचा पुत्र महारथी विण्हुदत्त याचे हे दान. दान देणारा आईच्या नावाने ओळख सांगतो. जुन्नरला तर धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि टाके दिले आहे. कार्ल्याला सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे नाव आहे, सुताराचे आहे. यात पांडव कुठेच नाहीत.

मुलीचे वडील म्हणाले, “विण्हुदत्त म्हणजे विष्णुदत्त ना? मग हिंदूच की तो.” आम्ही म्हणालो, नाव तेच आहे, पण दान कुणाला दिले ते पाहा. ते गप्प झाले. रात्री मात्र मंडळींकडे तक्रार गेली, गाईड ट्रेकमध्ये राजकारण आणतो. संयोजकाने फोन केला, “तू माणूस चांगला आहेस रे, पण लोक एन्जॉय करायला येतात.” पुढच्या रविवारची बॅच मिळाली नाही. त्याच्या पुढचीही नाही.

गंमत पुढे आहे. हा प्रसंग आपल्या एका कार्यकर्त्या मित्राला सांगितला तर तो म्हणाला, “ते विष्णूचं नाव कशाला घेतलंस? टाके दान दिले एवढंच सांगायचं.” इथे आमचा वाद आहे. गैरसोयीचे नाव आपण खोडणार असू, तर पांडवांची कथा रचणाऱ्यांना काय तोंडाने विचारायचे? भाज्याला येणाऱ्या शंभरातल्या कितीजणांनी लेण्यांवरचे पुस्तक उघडलेले असते? गाईड दहा मिनिटे बोलतो तोच त्यांचा इतिहास. आपण व्हॉट्सॲपवर ‘लेणी वाचवा’ लिहीत बसतो आणि ती दहा मिनिटे दुसऱ्याला देऊन टाकतो. जाताना बस भरून जातो, स्तूपासमोर फोटो, घोषणा, जेवण, परत. अक्षर एकही वाचत नाही.

आता आम्ही वस्तीतल्या पोरांना घेऊन जातो. पहिल्या फेरीला अकराजण होते. नऊ धबधब्याकडे पळाले. दोघे वहीत अक्षरे उतरवत बसले, त्यातल्या एकाला ‘म’ सापडला तर त्याने सगळ्यांना ओरडून बोलावले. त्या दोघांना यंदा पुढे बोलायला उभे करणार आहोत.

पुढची फेरी पाऊस ओसरल्यावर. घसरणार नाहीत असे बूट, वही, पेन्सिल आणि प्रत्येकी दोन लिटर पाणी घेऊन या. टाक्यात सध्या वेफर्सची पाकिटे तरंगतात, तिथले पिता येत नाही.

जय भीम.