बैलाला चाकं का?

नागपूर,
२८ डिसेंबर २०२५

चि. मुक्ता,


तुझा निरोप मिळाला. लेकीला माझं चित्रपुस्तक आवडलं, पण 'बैलाला चाकं का?' या प्रश्नावर तुम्ही दोघीही अडलात म्हणे. तुला तरी कुठून माहीत असणार? वाढलीस पुण्यात. आजोळी यायचीस ती मे महिन्यात, दिवसभर कूलरसमोर बसायला. पोळा येतो श्रावणातल्या अमावास्येला, तेव्हा तुझी शाळा.

तर ऐक. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा वेगळा पोळा असतो, तान्हा पोळा. त्याचे बैल लाकडाचे. आम्ही नंदीच म्हणतो. खाली पाट, पाटाला चार चाकं, पुढे ओढायला दोरी. मुठीत मावेल एवढ्या नंदीपासून पोराच्या छातीला लागेल एवढ्यापर्यंत. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू, पाठीवर झूल. संध्याकाळी सगळे नंदी मैदानात रांगेनं उभे राहतात, सजावटीला बक्षिसं मिळतात आणि मग पोरं घरोघरी नंदी नेऊन बोजारा मागतात. पैसे, खाऊ, जे हातावर पडेल ते. ही चाल भोसल्यांच्या काळापासूनची, असं इथं सांगतात. चांगला सागवानी नंदी पिढ्यान्पिढ्या टिकतो. आपल्या घरचा तुझ्या आजोबांनी ओढलेला आहे. एक कान गेलाय, रंगाचे इतके थर चढलेत की मूळचं लाकूड कुठे दिसत नाही, पण चाकं अजून कुरकुरत फिरतात.

तोच नंदी मी गेल्या वर्षी एका शाळेत घेऊन गेले होते. दुसरीतल्या एका पोरानं तो उचलून उलटा केला, चाक फिरवून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, चाकं आहेत त उतारावर तो थांबते कसा?" पुस्तक तिथंच सुरू झालं. थांबत नाही, हेच उत्तर. दोरी सुटते, नंदी गल्लीच्या उतारावरून निघतो आणि थेट मारबतीच्या मिरवणुकीत घुसतो.

मारबत तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. अंगावर येतील एवढे मोठाले पुतळे, रोगराई नि इडापिडा घेऊन जा म्हणून गर्दीचा आरडाओरडा, आणि मागे बडगे. बडग्या म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्यानं छळलं त्याचा पुतळा: महागाई, भ्रष्टाचार, कधी एखादा पुढारी. काळी मारबत बाकाबाई भोसले इंग्रजांना मिळाल्या त्या रागातून आली, असं जुने लोक सांगतात. मिरवणुकीनंतर पुतळे जाळतात. माझा नंदी या गर्दीतून वाट काढत संध्याकाळच्या आत मैदानावर पोचतो की नाही, एवढीच गोष्ट.

यावरून बरीच ओढाताण झाली. पुतळे जाळतात हे लहान मुलांच्या पुस्तकात कशाला, एक म्हणाले. दुसऱ्यांना पानाखाली मारबतीची माहिती हवी होती. मी दोन्हीला नाही म्हटलं. इथली पोरं बापाच्या खांद्यावर बसून मारबत बघतात नि घरी येऊन भाजीपोळी खातात. आणि बाहेरच्या मुलाला पुतळा मोठा आहे, लोक ओरडताहेत, बैल घाबरलाय, एवढं चित्रात दिसलं की पुरतं. चित्रकारानं पहिल्या खर्ड्यात बैलाला छान चार खूर काढले होते. त्यानं आयुष्यात नंदी पाहिला नव्हता. मग इथल्या सुताराकडचे फोटो पाठवले, चाकाची खीळ कशी बसते तेही. चित्रपुस्तकाची पानं आठच्या पटीत धरतात, आमची ठरली चोवीस. माझा मजकूर निम्मा गेला. बरंच झालं.

पुस्तक पोळ्याच्या आधी हातात आलं आणि तेव्हापासून मी घरी अशी नाहीच. मुलांचं पुस्तक आपल्या पायांनी मुलांपर्यंत जात नाही. दुकानात ते स्पर्धापरीक्षांच्या गठ्ठ्याखाली असतं, शाळेत कुलूपबंद कपाटात. ते हातात घेऊन हिंडावंच लागतं. नागपूरच्या शाळा झाल्या, वर्धा झालं, उमरेडकडच्या झेडपीच्या शाळा झाल्या. एका गावात पुस्तक संपल्याबरोबर पोरांनी वर्गातली बाकं तिरपी करून उतार केला नि खडूच्या डब्या सोडून बघितल्या. गुरुजी ओरडले. मला मात्र वर्षभराच्या सगळ्या हारतुऱ्यांपेक्षा त्या डब्या जास्त आवडल्या.

जूनमध्ये अरण्यलेखक मारुती चितमपल्ली गेले. मूळ सोलापूरचे, पण वनखात्यातल्या नोकरीनं नवेगावबांध-नागझिऱ्याचे झाले, आणि पुढे बरीच वर्षं नागपूरचे. शेवटी सोलापुरात परतले होते. पद्मश्रीही याच वर्षी. मी शाळांतून त्यांची पानं वाचून दाखवते. जंगलातल्या माणसांनी दिलेली पाखरांची नि झाडांची नावं त्यांनी जशीच्या तशी ठेवली, शहरी वाचकाला जड जातील म्हणून सोपी केली नाहीत. पोरं ती नावं पुन्हा पुन्हा म्हणत बसतात. मारबतीच्या तळटिपेला मी हट्टानं नाही म्हणू शकले, त्यामागे हे आहे.

लेकीला आणखी वाचायला हवं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर 'किशोर'चे जुने अंक फुकट मिळतात. १९७१ पासून निघतंय ते मासिक. काही चित्रं अशी आहेत की आजच्या पुस्तकांनी लाजावं.

आणि पुस्तक वाचताना एक कर. उताराची तीन पानं आहेत, तिथं तू वाचू नकोस. पानं तिला पटापट उलटू दे, तिथं मजकूर मुद्दाम एकेकच शब्दाचा ठेवलाय. मारबत आली की थांब. तिथं ती नक्की काहीतरी विचारेल. काय विचारलं ते मला तस्सं लिहून पाठव, नीटनेटकं करून नको. जानेवारीत दुसऱ्या पुस्तकाला बसायचंय.

तुझी,
मावशी