मागचं चाक

पिग्मी गोळा करणाऱ्याची स्कूटर लांब कुठे जात नाही, पण एका जागी टिकतही नाही. म्हसळ्याच्या बाजारपेठेत सकाळी सुरुवात करायची, दर चार दुकानांमागे थांबायचं, पावती फाडायची, पुन्हा स्टार्टर मारायचा. एस.टी. स्टँड, दिघी नाका झाला की दुपारनंतर एखाद्या दिवशी मेंदडी, एखाद्या दिवशी खरसई, कधी पाभऱ्याकडे. दिवसभराचं अंतर मोजलं तर फार भरत नाही. ब्रेक मात्र शंभर वेळा दाबलेला असतो आणि स्टार्टर इतक्या वेळा मारलेला असतो, की मुंबईत ऑफिसला जाणारा माणूस तेवढा महिन्यात मारत नसेल.

माझी गाडीही मूळची मुंबईकडचीच. एम.एच. 43, म्हणजे वाशीचं पासिंग. गावी परतलेल्या एका चाकरमान्यानं ती विकायला काढली होती, रंग उडालेला, सीट फाटलेली, पण इंजिन शांत. कार्ब्युरेटरवाली जुनी ॲक्टिव्हा. नवी घ्यायची ऐपत नव्हती असं नाही, पण ज्या धंद्यात दहा-वीस रुपयांच्या पावत्या फाडायच्या, तिथे हप्त्याची गाडी फिरवणं मला तरी पटत नाही. स्वस्त गाडी घ्यावी आणि ती स्वस्तातच राखावी, एवढाच हिशेब होता. तो कुठे जमतो आणि कुठे जमत नाही, हे मला मागच्या चाकानं शिकवलं.

स्कूटरचं मागचं चाक म्हणजे घरातला थोरला मुलगा. इंजिन त्याच्यावर, गियर त्याच्यावर, बसणारा त्याच्यावर, मागे बसवलेली बायको आणि तिच्या मांडीवरची तांदळाची पिशवीही त्याच्यावरच. पुढचं चाक नुसतं वाट दाखवतं. म्हणून मागचा टायर मधोमध चपटा होऊन गोटा होतो, तेव्हा पुढच्याच्या नक्षीवर अजून बोट अडकत असतं. माझ्या गाडीला दोन्ही टायर एकाच मापाचे, 90/100-10. नव्या मॉडेलांत पुढचं चाक बारा इंची झालं, पण जुन्यांत सोय होती आणि त्या सोयीतूनच आमच्याकडची एक जुनी काटकसर निघाली: नवा टायर एकच घ्यायचा, तो मागे घालायचा आणि गोटा झालेला पुढे सरकवायचा. पुढे कुठे वजन असतं?

हे मी आमच्या पंक्चरवाल्या चाचांसमोर बोललो. चाचा बरीच वर्षं आखातात एका गॅरेजमध्ये होते. परत आल्यावर नाक्याच्या अलीकडे टपरी टाकली. माझे नेमाचे पिग्मीवाले. हातातला टायर लिव्हर खाली ठेवून म्हणाले, "अरे, मागचं चाक घसरलं तर गाडी शेपूट हलवते, तुला सावरायला जरा वेळ मिळतो. पुढचं घसरलं तर काय झालं ते तुला जमिनीवर पडल्यावर कळणार. घोणसे घाटातून उतरतोस ना? मग?" घोणसे घाट म्हणजे माणगावहून म्हसळ्याला येताना लागणारी वळणं. पहिल्या पावसात त्या डांबरावर तेल आणि माती मिळून जो बुळबुळीत थर येतो, तो ज्यानं पाहिलाय त्याला चाचांचं म्हणणं पुन्हा समजावून सांगावं लागत नाही. तेव्हापासून गोटा टायर माझ्याकडे पुढे जात नाही. तो सरळ भंगारात जातो, किंवा कुणाच्या तरी होडीच्या कडेला बांधला जातो.

वडिलांकडे चेतक होती. तिचं चाक बदलणं हे काम आहे असं आम्हाला वाटायचंच नाही. गाडी उजव्या अंगाला कलवायची, नट सोडायचे, चाक बाजूला, मागची स्टेपनी काढून लावली की पुढे निघायचं. चेतकची पुढची-मागची चाकं सारखी, स्टेपनी कुठेही बसायची. ही अक्कल मूळची इटलीतली. व्हेस्पा 1946 मध्ये आली. तिचा रचनाकार कोर्रादिनो दास्कानिओ हा विमानांचा इंजिनिअर होता. मोटारसायकलींचा त्याला तिटकारा, आणि त्यातही चाक बदलण्याच्या खटाटोपाचा. त्यानं विमानाच्या चाकासारखं पुढचं चाक एकाच बाजूनं धरलं, म्हणजे दुसऱ्या बाजूनं ते मोकळं निघतं. बजाजनं आधी पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवली, मग 1972 मध्ये चेतक आणली. ती आकुर्डीहून निघायची आणि लोक तिच्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. रिमही दोन अर्ध्यांची असायची, नटबोल्टनं जोडलेली. टायर उतरवायला लिव्हरसुद्धा लागत नसे. एकच धोका होता. चाक ड्रमवर धरणारे नट आणि रिमचे दोन अर्धे एकमेकांना धरणारे नट दिसायला सारखेच. ट्यूबमध्ये हवा असताना दुसरे सोडले तर रिम उघडून अंगावर यायची. वडील आधी व्हॉल्व्हची पिन काढायचे, हवा पूर्ण गेली की कान लावून खात्री करायचे आणि मगच पान्हा धरायचे. आम्हा मुलांना तोवर ओट्यावर बसवलेलं असायचं.

आताच्या गाड्यांना स्टेपनीच नाही. ट्यूबलेस आल्यावर तिची गरज संपली, असं सांगतात. एका परीनं खरंही आहे. खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते, चाचांच्या टपरीपर्यंत गाडी येते आणि डांबरी दोरीची वात खुपसून दहा मिनिटांत काम होतं. पण टायरच बदलायचा तर मागचं चाक काढावं लागतं, आणि तिथे दास्कानिओसाहेबांचा आत्मा तळमळत असेल. ॲक्टिव्हाचं मागचं चाक तसं एकाच बाजूनं, इंजिनातून आलेल्या आसावर बसलेलं आहे, पण सुटण्याच्या बाजूला सायलेन्सर आडवा. आधी तो उतरवा. त्याचे वरचे दोन नट सिलिंडरच्या तोंडाशी, आणि आमच्या खाडीच्या खाऱ्या हवेत ते गंजून असे एकजीव झालेले, की जोर लावला तर नट सुटण्याऐवजी स्टडच तुटतो. त्यावर चाचांचा उपाय सोपा आहे. आदल्या संध्याकाळी गाडी त्यांच्याकडे लावायची. ते नटांवर डिझेल सोडतात, सकाळी पुन्हा सोडतात, पान्हा लावून आधी थोडा आवळतात आणि मग उलटा फिरवतात. घाईच्या माणसाला ते हात लावत नाहीत.

चाक निघालं की पुढचं काम हाताचं. पायानं टायरची कड रिमवरून सोडवायची, साबणाचं पाणी फिरवायचं, लिव्हर घालायचा. नवखा माणूस इथे नुसता जोर करतो. रिमच्या मधोमध एक खोलगट भाग असतो. समोरच्या बाजूची कड गुडघ्यानं त्या खोलात दाबून ठेवली, की आपल्याकडची बाजू सैल पडते आणि लिव्हर दोन बोटांनी उचलता येतो. चढवताना टायरवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला आहे ना, ते पाहायचं. चाक बाहेर आहे तोवर ब्रेक शू पाहून घ्यायचे, आसाच्या दात्यांना ग्रीस लावायचं. हे सगळं मी चाचांकडे बसून शिकलो. त्यांच्या पिग्मीची पावती फाडायला जायचो आणि तासभर उठायचो नाही.

किनाऱ्यावरच्या गाड्यांचा खरा रोग मात्र टायरात नसतो, रिममध्ये असतो. हवा रोज थोडी कमी होते, टायर पाण्यात बुडवला तर कुठे छिद्र दिसत नाही, सगळे हैराण. चाचा रिमच्या कडेनं साबणाचा फेस लावतात, आणि रिम नि टायर टेकतात त्या रेषेवर बारीक बुडबुडे येऊ लागतात. लोखंडी रिम आतून गंजलेली, पापुद्रे सुटलेले, टायरची कड घट्ट बसायला जागाच नाही. यावर आमच्याकडचा सर्रास उपाय म्हणजे ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब टाकून मोकळं होणं. मला तो आवडत नाही. ट्यूब आली की खिळा लागल्यावर हवा एकदम जाण्याचा जुना धोका परत आलाच, आणि गंज तर आत तसाच खात राहतो. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, रेड ऑक्साइडचा हात आणि त्यावर रंग, एवढ्यानं माझी रिम अजून टिकली आहे. रबरी व्हॉल्व्हही टायरबरोबरच बदलावा. चिल्लर खर्चाची वस्तू, पण उन्हानं तिच्या मुळाशी चिरा पडतात आणि मग दोष टायरवर जातो.

चाचांची खरी परीक्षा मी 2020 च्या जूनमध्ये पाहिली. 3 जूनला दुपारी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं जमिनीवर चढलं आणि म्हसळा तालुक्यावरून गेलं. घरांचे पत्रे उडाले, सुपारीच्या बागा झोपल्या, विजेचे खांब आडवे झाले. रस्त्यावरची झाडं कापून वाट मोकळी झाली तशा गाड्या निघाल्या आणि सगळ्या एका जागी येऊन थांबल्या. उडालेल्या पत्र्यांचे हूक, खिळे, वॉशर सगळ्या रस्त्यांवर विखुरले होते. पंक्चरची अशी साथ मी आधी पाहिली नव्हती. टाळेबंदीमुळे माल येणं आधीच बंद, त्यात वीज नाही, म्हणजे कॉम्प्रेसर नाही. वीज यायला काही वाड्यांना आठवडेच्या आठवडे लागले.

नुसत्या पंक्चरचं पायपंपानं निभावतं. पण टायर रिमवरून सुटलेला असेल तर ट्यूबलेसला पायपंप पुरत नाही. कड रिमला टेकलेलीच नसते, तुम्ही वरून भराल तेवढी हवा बाजूनं निघून जाते. कॉम्प्रेसरचा एकदम आलेला झोत ती कड बाहेर ढकलून बसवतो. चाचांनी काय केलं, तर सुपारीवर चढायचा जाड दोर टायरच्या मधल्या घेरावर गुंडाळला, त्यात एक दांडका घातला आणि पिळत गेले. घेर आवळला तशा टायरच्या दोन्ही कडा फाकून रिमला टेकल्या. व्हॉल्व्हची पिन काढून ठेवली, म्हणजे हवेला वाट मोठी मिळते. मी पंप मारत होतो, चाचा दांडका धरून होते. आधी काहीच नाही, मग टायर फुगायला लागला, आणि एकामागून एक दोन 'टप्प' आवाज झाले. दोन्ही कडा बसल्या. लगेच पिन घातली, दोर सोडला, पुन्हा हवा भरली. त्या दिवसांत पंचनाम्याला फिरणाऱ्या तलाठ्यांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांच्या गाड्या त्या दोरावर चालल्या.

बाकीची देखभाल सांगायला थोडी आहे. कंपनीचं पुस्तक किलोमीटर सांगतं, मी पावसाळा सांगतो. रोहिणी नक्षत्र लागलं की टायर, ब्रेक शू, केबल. इथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो, त्यात केबल एकदा गंजली की ब्रेक दाबल्यावर परतच येत नाही. दसऱ्याच्या आधी ऑइल. आणि त्याबरोबर गियरचं ऑइल, जे हमखास विसरलं जातं, कारण ते जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिलिटर असतं. एअर फिल्टर चिकट कागदाचा असेल तर त्यात हवा मारून झटकू नये. धूळ निघाल्यासारखी वाटते, पण चिकटपणाही जातो आणि पुढची लाल माती थेट आत. पट्टा, म्हणजे बेल्ट, भरलेल्या पाण्यातून गाडी घातली की घसरतो. तो सुकेपर्यंत इंजिन ओरडतं आणि चाक हलत नाही, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हवा आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना. एवढं केलं तर बाकी खर्चात हात आखडता घ्यायला मी मोकळा आहे. आरसा फुटका चालतो, सीटला पिशवी घालून भागतं.

हल्ली चाचांचा मुलगा टपरी सांभाळतो. परवा एकजण सावकाश पळणारी, लायसन्स न लागणारी बॅटरीची स्कूटर घेऊन आला. मागचा टायर बदलायचा होता. मुलगा सवयीनं सायलेन्सर शोधायला खाली वाकला आणि हसत वर आला. सायलेन्सर नव्हता, बेल्ट नव्हता, मोटरच चाकाच्या पोटात होती. आसातून जाड वायर बाहेर निघून सीटखाली गेलेली. चाक काढायचं तर ती सोडवणं आलं. त्यानं जोड उघडले. पिवळी, हिरवी, निळी अशा तीन वायरी, आणि बारीक वायरींचा एक सॉकेट. मातीनं हिरवी-निळी ओळखू येत नव्हती. टायर त्यानं सफाईनं चढवला, वायरी जोडल्या, गाडी डबल स्टँडवर घेऊन मूठ पिळली. चाक थरथरलं, गुरगुरलं आणि जागच्या जागी अडून बसलं.

चाचा बाकड्यावरून सगळं बघत होते. उठले, रॉकेलचा बोळा घेऊन दोन्ही वायरी पुसल्या, चष्मा वर करून पाहिलं आणि जोड अदलाबदल केले. चाक सुरळीत फिरायला लागलं. गाडीवाल्यानं किती झाले विचारलं.

"टायर चढवायचे दे," चाचा म्हणाले. "वायरींचे नको, त्या आम्हीच उलट्या लावल्या होत्या."