मळवलीचे दगड

पुण्याहून लोणावळ्याला जाणारी लोकल कामशेत मागे टाकते आणि थोड्याच वेळात एक लहानसे स्टेशन येते. त्याचे नाव मळवली. गाडीतून उतरणारे बहुतेक प्रवासी तेथे थांबत नाहीत. उत्तरेकडचे इंद्रायणी ओलांडून कार्ल्याच्या डोंगराकडे निघतात, दक्षिणेकडचे भाज्याची वाट धरतात. तरुण मंडळींच्या पाठीवर पिशव्या असतात, त्यांना लोहगड-विसापूर खुणावत असतो. कोळी-आगरी कुटुंबे एकवीरा आईच्या ओढीने आलेली असतात. सगळे मळवलीवरून जातात. मळवलीला म्हणून कोणी येत नाही.

आणि गंमत अशी, की एके काळी ह्याच मळवलीहून लक्ष्मी, सरस्वती, राम, दत्त, शंकर असे सगळे देव कागदावर बसून, मालगाडीतून, हिंदुस्थानभर प्रवासाला निघत असत.

राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी १८९४ साली मुंबईत चित्रांचा छापखाना काढला. त्यांचे भागीदार होते गोवर्धनदास खटाव मखनजी. यंत्रे जर्मनीची, कसबी कारागीरही तिकडचेच. ‘शकुंतलाजन्म’ हे त्या छापखान्याचे पहिले चित्र म्हणून ओळखले जाते. पुढे मुंबईवर प्लेगचे सावट पडले. एकोणिसावे शतक सरता सरता छापखाना घाटावर, मळवलीच्या मोकळ्या हवेत आला. कर्जाचा भार वाढत गेला, तेव्हा विसाव्या शतकाच्या आरंभीच रविवर्म्यांनी तो आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर यांना, विकून टाकला. त्यानंतरही काम अनेक वर्षे चालू राहिले. १९७२ साली लागलेल्या आगीने ह्या कहाणीवर पडदा टाकला. आज तेथे यंत्रांची घरघर नाही.

चित्र छापायचे ते दगडावरून. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी ‘शिळाप्रेस’ हा शब्द सहज असे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापले ते शिळेवरच. आणि १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी ह्यांनी पुण्यात काढलेल्या चित्रशाळेची रंगीत चित्रेही शिळेवरचीच. त्यातले तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातले आहे : तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणीतला एक बारीक पोताचा चुनखडीचा दगड घ्यायचा, तो गुळगुळीत घासायचा, त्यावर तेलकट शाईने किंवा खडूने चित्र काढायचे. मग गोंद आणि सौम्य आम्ल लावून दगड पक्का करायचा आणि ओला करायचा. कोऱ्या जागी पाणी राहते, रेषेवर राहत नाही. वरून शाईचा रूळ फिरवला, की शाई रेषेला चिकटते, पाण्याला चिकटत नाही. कागद ठेवून दाब दिला, की चित्र उमटते, पण उलटे! डावा हात उजवा होतो. म्हणून दगडावर काढणाऱ्याला सगळे उलटेच काढावे लागते. देवीचा वर देणारा हात चुकून भलत्या बाजूला जाऊ नये, ही त्याची पहिली चिंता.

रंगीत चित्र असले तर प्रत्येक रंगाला वेगळा दगड. पिवळ्याचा एक, तांबड्याचा एक, निळ्याचा एक; गालावरची छटा हवी तर आणखी एक. छटा म्हणजे तरी काय? हाताने टिंबटिंब करून काढलेले हजारो ठिपके. कागद प्रत्येक दगडावर नेमका त्याच जागी बसला पाहिजे. केसभर सरकला, तर ओठांचा रंग हनुवटीवर जातो.

हे काम संपले म्हणजे त्या दगडाचे काय होई? वाळू-पाणी घालून तो पुन्हा घासत आणि चित्र पुसून टाकीत. काल सरस्वती होती त्या दगडावर उद्या मेनका उतरे. ठिपके देणाऱ्या त्या हातांची नावे दगडाबरोबरच पुसली गेली. कागदाच्या खाली नाव छापले जाई ते चित्रकाराचे नि छापखान्याचे.

ही गोष्ट मनात ठेवून आता भाज्याला चला. सकाळच्या गारव्यात ती चढण सोपी जाते. तेथले चैत्यगृह इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातले. आत गेल्यावर काही क्षण आपल्याला काहीतरी चमत्कारिक वाटत राहते आणि कारण कळत नाही. मग ध्यानात येते : खांब सरळ उभे नाहीत, ते आतल्या बाजूला कललेले आहेत. आता, अखंड डोंगरात कोरलेल्या खांबाला कलण्याचे काय कारण? काहीच नाही. पण लाकडी मांडवाला असते. छपराचा भार खांबांना बाहेर रेटतो, म्हणून सुतार ते आत कलते रोवतो. भाज्याचा कारागीर दगड कोरत होता, पण त्याच्या डोळ्यांपुढे लाकूड होते. जुन्या वस्तूवर त्याचे इतके प्रेम, की तिची गरजसुद्धा त्याने दगडात उतरवली.

दुपार कलली म्हणजे पलीकडे कार्ल्याला जावे. ते लेणे पश्चिमेकडे तोंड करून आहे, तेव्हा उन्हे त्या भव्य कमानीतून आत शिरतात. सुमारे १२४ फूट लांबीचे हे चैत्यगृह भाज्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी कोरले गेले. येथे खांब ताठ उभे आहेत! पायाशी घट, माथ्यावर हत्ती, हत्तींवर बसलेली जोडपी. छताला लाकडी फासळ्या आहेत खऱ्या. दोन हजार वर्षांचे ते लाकूड अजून जागेवर आहे. पण खांबांना आता लाकडाची आठवण उरलेली नाही. दगडाला दगडासारखे उभे राहता येऊ लागले आहे. आणि दाराशी एक लेख आहे, तो मला फार आवडतो. धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा मुलगा, ह्याने हे दार केले, असे तो सांगतो. सामीचा धंदा? सुतार! पाषाणाला दार करणारा माणूस जातीचा सुतार होता, आणि त्याचे नाव त्या दारावर राहिले.

कार्ल्यात उभे राहिले, की मळवलीचा छापखाना अधिक समजतो. तेथेही प्रथम नक्कलच होती. छापलेल्या चित्रावर वार्निश चढवीत, कागदाला कापडाचा पोत येईल असा दाब देत. हेतू हा, की पाहणाऱ्याला तैलरंगातले कॅनव्हास वाटावे. भाज्याच्या कलत्या खांबासारखेच हे. आनंद कुमारस्वामींसारख्या जाणकाराने रविवर्म्यांच्या चित्रांना नाटकी म्हटले. त्यात तथ्य नाही असे नाही. पण छापील चित्राचा खटला तेवढ्यावर निकालात काढता येत नाही, कारण भिंतीवर गेल्यावर ते चित्रकाराचे राहिलेच नाही.

घरोघरच्या बायकांनी त्या छापील देवींना वस्त्रे चढवली. लक्ष्मीच्या साडीवर खरे रेशीम डकवले, काठाला जर लावली, दागिन्यांच्या जागी टिकल्या नि मणी चिकटवले. हजारांतले एक असलेले चित्र त्या घरापुरते एकुलते एक झाले. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही घरात काही आण्यांत देव आला, आणि त्याच्यापुढे दिवा लावायला कोणाची परवानगी लागली नाही. नाशिकला काळारामाच्या दारात १९३० साली सत्याग्रह करावा लागला, हे आठवले म्हणजे त्या कागदाचे मोल कळते.

आणि ह्या दगडांपासून पुढे काय काय फुटले! दादासाहेब फाळके लोणावळ्याला राहून ह्या छापखान्यासाठी काम करीत होते. देवाला चौकटीत कसे उभे करावे, प्रकाश कोठून घ्यावा, भक्ताची नजर कोठे खिळते, ह्याचे शिक्षण त्यांना कोठे मिळाले असेल, हे त्यांचे चित्रपट पाहताना उमगते. १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ पाहताना मला तरी रविवर्म्याचे चित्र हलू लागल्यासारखे वाटते. पुन्हा तेच : नवे माध्यम आधी जुन्याकडे पाहून उभे राहिले. आणि दिवाळी अंकांच्या वाचकांना दीनानाथ दलालांची ओळख करून द्यायला नको. १९४५ साली त्यांनी ‘दीपावली’ सुरू केले. छापील चित्र तैलचित्राची बरोबरी करायला धडपडत नाही, ठाम रेषा आणि सपाट, मोकळा रंग हेच त्याचे बोलणे, हे दलालांच्या मुखपृष्ठांनी घराघरांत पटवले. तेथे खांब ताठ झाला!

जुन्या छापचित्रांतून स्फूर्ती घेऊ पाहणारे विद्यार्थी मला भेटतात. त्यांना कमळ, मोर, पदराची चुणी उतरवून घ्यायची असते. मी त्यांना म्हणतो, ते उतरवण्याआधी भिंग घ्या आणि ठिपके बघा. त्या दगडाला काय जमत नव्हते ते शोधा. न जमण्यातून त्या माणसांनी जी वाट काढली, ती घेण्यासारखी आहे. बाकीचा पदर आपापल्या काळाचा असतो.

गेल्या खेपेला कार्ल्याहून उतरताना पायऱ्यांवरच्या एका दुकानाशी एक कोळीण मावशी एकवीरेची तसबीर निवडताना दिसली. पाचसहा तसबिरी तिने हातात घेतल्या नि खाली ठेवल्या.

“अगं मावशी, सगळ्या एकाच मशीनच्या आहेत,” दुकानदार कंटाळून म्हणाला.

“असूंदे. ही आई बगतंच नाय,” ती म्हणाली.

मी वाकून पाहिले. नाकारलेल्या तसबिरीत काळा रंग केसभर सरकला होता आणि डोळ्यांतल्या बाहुल्या जागेवर नव्हत्या. मावशीला छपाईतले अवाक्षर ठाऊक नव्हते; पण मळवलीच्या कारागिराला ज्या केसभर अंतराची धास्ती असे, ते तिने एका नजरेत पकडले होते. तिने दुसरी तसबीर उचलली, तिच्याकडे क्षणभर पाहिले आणि पदराआड धरून चालू लागली.

आता लक्ष्मीपूजनाला चौरंगावर तसबीर मांडाल, तेव्हा घटकाभर तिच्याकडे नीट पाहा. चार हात, उमललेले कमळ, सोंडेत माळ धरलेला हत्ती : ही मांडणी घरोघर रुजली ती रविवर्म्यांच्या छापचित्रांतून. रंग बदलले, दगड जाऊन आधी पत्रे आणि मग संगणक आले. मुलांनी विचारले, “ही लक्ष्मी कुठून आली?” तर समुद्रातून आली, हे सांगाच, आणि जमले तर सुट्टीत एक दिवस काढून त्यांना मळवलीला उतरवा.